नीला-कलमातील भित्तिस्थूलन

हृद्‌रोहिणी अरुंद झाली असता अडथळ्याच्या पलीकडे रक्त नेण्यासाठी पायातील पृष्ठस्थ नीलेचा तुकडा महारोहिणी व हृद्‌रोहिणी यांच्या दरम्यान जोडतात. हे नीला-कलम होय. ही शस्त्रक्रिया (बायपास) रेने फाव्हालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे रूढ केली. भारतात ती १९७५ मध्ये के. एम. चेरियन यांनी प्रथम केली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (नंतरची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) २०१२ मध्ये धुळ्यासह आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये जळगावसह राज्यभर लागू झाली आणि खानदेशातील अल्प उत्पन्नाच्या रुग्णांनाही ही शस्त्रक्रिया विनामूल्य मिळू लागली. तिचा लाभ किती वर्षे टिकेल, हे बऱ्याच अंशी कलमाच्या भित्तीवर अवलंबून असते.

आडव्या स्थितीत नीलेतील दाब सु. १० मिमी. पारा असतो, कलम झाल्यावर तिला एकाएकी सु. १२० मिमी. पर्यंतचा स्पंदनयुक्त दाब सोसावा लागतो. भित्ती जाड झाली की तिच्यावरील ताण घटतो. म्हणजे प्रारंभीचे स्थूलन हा रोग नसून अनुकूलन आहे. दुर्दैव असे की, ते योग्य वेळी थांबतेच असे नाही.

नीला काढताना ती ओढली जाते, काही काळ रक्ताविना राहते आणि गळती तपासण्यासाठी द्रव भरून फुगविली जाते. यात आतील अस्तर-कोशिका गळतात. त्या एरवी नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लीन स्रवून खालच्या स्नायूंना शांत ठेवतात. उघड्या पृष्ठावर बिंबाणू चिकटतात व वृद्धिकारक द्रव्ये सोडतात. श्वेत कोशिकाही जमतात. मध्यस्तरातील अरेखित स्नायू-कोशिका मग आपला आकुंचनाचा स्वभाव सोडून विभाजनक्षम व स्रावी बनतात, अंतःस्तरात स्थलांतर करतात आणि तेथे वाढून कोलॅजेनादी आधारद्रव्य साठवितात. बाह्यस्तरातील तंतुजनक कोशिकाही यात भाग घेतात. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत होते. नीला हृद्‌रोहिणीपेक्षा रुंद असल्याने तीत प्रवाह मंद राहतो, व तेही स्थूलनास पोषक ठरते. पुढे याच थरात वसा साचून रोहिणीविलेपी विकार जडतो.

दहा वर्षांनी सु. निम्मी नीला-कलमे बंद वा बरीच अरुंद झालेली आढळतात. छातीतील अंतर्वक्षीय रोहिणीची मात्र दहांपैकी सु. नऊ कलमे वाहती राहतात. म्हणून मुख्य शाखेसाठी तिलाच पसंती देतात. नीला भोवतालच्या मेदासह, न फुगविता काढणे, ॲस्पिरीन व स्टॅटिन औषधे आणि तंबाखू-बिडीचा त्याग यांनी नीला-कलमाचे आयुष्य वाढते.