ऑफिसात हा विषय कशाला?

‘कोण कोणावर प्रेम करतं याच्याशी ऑफिसला काय देणंघेणं?’ हे ऐकायला उदार वाटतं. पण डबे उघडले की काय चालतं? बायकोची बदली, सासूबाईंचं ऑपरेशन, लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो. खासगी आयुष्य ऑफिसात रोजच येतं. समलिंगी आणि उभयलैंगिक सहकारीच तेवढे जपून बोलतात. जिच्यासोबत संसार थाटलाय, ती आजारी पडली तर रजेच्या अर्जात ‘चुलत बहीण आजारी’ असं लिहायची वेळ येते.

या सततच्या सावधपणाची किंमत मन मोजतं. इलान मेयर या संशोधकाने २००३ मध्ये हे नीट मांडलं: लपवणं, नाकारलं जाण्याची धास्ती आणि भेदभाव यांतून वेगळाच ताण साचत जातो. लैंगिक कल हा मुळात आजार नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

‘कामात चोख असलं की कोणी त्रास देत नाही’ हाही भ्रमच. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. समलिंगी संबंधांवरून निलंबित मात्र सिरसच झाले, तेही निवृत्ती तोंडावर आली असताना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. हा अन्याय एका मराठी कवीवर झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

‘२०१८ नंतर कायद्याचं संरक्षण आहेच की!’ अर्धवट खरं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. सरकारी नोकरीत राज्यघटनेचा आधार घेता येतो. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच निकालाच्या आधारे एका बडतर्फ होमगार्डला कामावर परत घ्यायला लावलं. खासगी कंपनीत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव थेट रोखणारा केंद्रीय कायदा मात्र नाही. २०१९ चा कायदा आहे तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी.

समलिंगी विवाहालाही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्यता नाकारली. मग कंपन्यांनी कायद्याची वाट पाहायची का? टाटा स्टीलने पाहिली नाही. २०१९ मध्येच तिने समलिंगी कर्मचाऱ्यांना जोडीदाराची नोंदणी करून कंपनीच्या सवलती घेण्याची मुभा दिली.