झोप येत नाही, की झोपायलाच मिळत नाही? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रात्रींविषयी

‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ हे वाक्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रोज ऐकू येते. दुर्गापूर किंवा घुग्घूसला रात्रपाळी करून आलेला कामगार ते म्हणतो. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, धानोऱ्याकडे धानाच्या बांधावर जागली करून आलेला शेतकरीही म्हणतो. घरातली दादी म्हणते आणि बारावीला असलेली नातही म्हणते. वाक्य एकच, पण दुखणे प्रत्येकाचे वेगळे. आणि आपण काय करतो? शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून मागून आणतो. म्हणून आधी फरक समजून घेऊ.

निद्रानाश कशाला म्हणायचे?

अंथरूण आहे, वेळ आहे, आजूबाजूला शांतता आहे, तरी झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते. त्यामुळे दिवसा थकवा येतो, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने असे चालले, तर डॉक्टर त्याला जुना निद्रानाश म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात झोप यायला तयार असते, पण परिस्थिती झोपू देत नाही. पाळी, उकाडा, आवाज, शेताची राखण. हा आजार नाही, हा झोपेचा तुटवडा आहे. मोठ्या माणसाला साधारण सात तास झोप लागते. ती रोज दोन-तीन तास कमी पडली तर शरीर त्याचा हिशेब ठेवते. रक्तदाब आणि साखर बिघडते, आणि गाडी चालवताना डुलकी लागते. आपल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, तिथे ही डुलकी जिवावर बेतू शकते.

झोप येते कशी?

दोन गोष्टी जुळून आल्या की झोप लागते. पहिली म्हणजे दिवसभराचे जागरण. आपण जागे असतो तसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतले कॅफिन नेमके याच द्रव्याचे काम अडवते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. ते उजेड आणि अंधारावर चालते. हे घड्याळ पेशींत कसे चालते, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्र झाली की हे घड्याळ शरीराचे तापमान थोडे खाली आणते. अंग थंडावल्याशिवाय गाढ झोप लागत नाही.

चंद्रपूरची अडचण इथूनच सुरू होते.

शहरात काय होते?

मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा 47-48 अंशांच्या आसपास जातो. दिवसभर तापलेले स्लॅब आणि भिंती रात्री ती उष्णता घरात सोडतात. अंग थंडावतच नाही. त्यात वीज गेली आणि कूलर बंद पडला की सगळे घर उठून बसते. शहराला लागून 2920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले होते. धुळीने नाक चोंदते, दम्याच्या माणसाला रात्री खोकला सुटतो आणि झोप तुटते.

खाणीत आणि कारखान्यात तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी उजेडात झोपायला जातो. तेव्हा त्याचे घड्याळ ‘उठ’ म्हणत असते, मुले शाळेला निघालेली असतात, दारावर भाजीवाला ओरडत असतो. अशी झोप चार-पाच तासांवर जात नाही. दर आठवड्याला पाळी बदलली तर घड्याळ कधीच जागेवर येत नाही.

आवाजाचेही तसेच. कायद्याप्रमाणे वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. लग्नाचा डीजे कोणाचाही असो, आपल्या घरचा असो की दुसऱ्याच्या, ही मर्यादा सगळ्यांना सारखीच.

गावात तरी शांत झोप आहे का?

खेड्यात हवा मोकळी, अंधार पुरेसा, मग तिथे झोप चांगली असेल असे शहरातल्यांना वाटते. गडचिरोलीचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगल आहे आणि धान उभे झाले की रानडुकरे येतात. राखण केली नाही तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही पिके तुडवत आहेत. मचाणावर बसलेला माणूस एक कान उघडा ठेवूनच डोळे मिटतो. वाघाची भीती वेगळीच. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा गावात रात्री बाहेर खुट्ट झाले तरी छाती धडधडते. सततच्या भीतीत मेंदू पहाऱ्यावर राहतो आणि पुढे धोका टळला तरी झोप परत येत नाही. तुटवड्याचा आजार होतो तो असा.

एखाद्या रात्रीच्या जागरणाने मात्र काही बिघडत नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्रभर नाटके चालतात, लोक हौसेने जागतात आणि दुसऱ्या दिवशी झोप भरून काढतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या तीन आदिम समाजांच्या झोपेचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वीज नाही, तरी लोक सरासरी सहा-सात तासच झोपत होते, सूर्य मावळल्यावर काही तास जागे असत आणि रात्र थंडावू लागली की झोपत. निद्रानाशाची तक्रार मात्र फारच थोड्यांची होती. म्हणजे तास मोजत घाबरण्यापेक्षा वेळ ठरलेली असणे आणि अंग थंडावणे महत्त्वाचे.

खर्रा, चहा आणि मोबाईल

जागे राहण्यासाठी आपल्याकडे खर्रा घोटला जातो. तंबाखूतले निकोटीन मेंदूला चेतवते. जागलीवर ते उपयोगी वाटते, पण घरी आल्यावर तेच झोपू देत नाही आणि तलफ मध्येच जागे करते. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो, म्हणून संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा. मोबाईलचा उजेड डोळ्यांसमोर दिवस असल्याचा भास करतो.

मग करायचे काय?

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्री झोप झाली नसली तरी. आपल्याकडे फजर आहे, म्हणजे ही वेळ आधीच ठरलेली आहे. बिघडते ते इशानंतर. नमाज झाली, जेवण झाले आणि मग चौकात किंवा मोबाईलवर बारा-एक वाजतात. इशानंतर विनाकारण गप्पा न मारण्याची शिकवण आपल्याला आहेच, आणि दुपारच्या कैलुल्याचीही. ही डुलकी वीस-तीस मिनिटांचीच असावी, तासभर झोपलात तर रात्रीची झोप पुढे जाते. रमजानमध्ये सहेरीमुळे झोप दोन तुकड्यांत होते, तेव्हा दोन्ही तुकड्यांच्या वेळा ठरवून घ्या.

उन्हाळ्यात झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करा, अंग लवकर थंडावते. रात्रपाळीवाल्याची खोली जाड पडद्याने अंधारी करा आणि तेवढा वेळ घरच्यांनी त्याला उठवू नये. जागली घराघराने एकट्याने न करता आळीपाळीने, गटाने करा. एका माणसाला रोज जागावे लागत नाही आणि सोबतही राहते.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नका. उठून बसा, मंद उजेडात काही वाचा, तिलावत करा, डोळे जड झाले की परत जा. हा उपाय निद्रानाशाच्या मान्य उपचाराचाच भाग आहे. विचार आणि सवयी बदलण्याचा हा उपचार गोळीच्या आधी करावा, असा सल्ला अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये दिला.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्यांची सवय लागते, म्हातारी माणसे रात्री पडतात, आणि रोज घेणाऱ्याने अचानक बंद केल्या तरी त्रास होतो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, उदासी, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच. तालुक्याला जाणे लगेच जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.