हळू आवाजात भरदार सूर

आमच्या सावेडीत आता फ्लॅट बरेच झालेत, आणि फ्लॅटची भिंत निम्मी शेजाऱ्याची असते. अशाच एका घरातल्या मुलाने गिटारसाठी पाच वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणला. त्याची अडचण अशी : आवाज वाढवला की सूर छान लागतो, पण शेजारी दार वाजवतात, कमी केला की तोच सूर पातळ होतो. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते आज पाहू.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी. जुन्या रेडिओच्या पाठीमागे तांबूस उजळायच्या, त्याच या नळ्या. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात, मधली जाळी त्यांना आवरते. गिटारचा क्षीण संदेश जाळीवर दिला की प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. ताकदीची हद्द आली की ट्रान्झिस्टर लाटेचा माथा एकदम छाटतो, व्हॉल्व्ह तो हळूहळू दाबतो. त्यातून वरचे सूर उमटतात. लहान ॲम्प्लिफायरमध्ये विशेषतः दुप्पट कंपनांचा, म्हणजे मध्य षड्जावर तार षड्ज. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तीही वरचे सूर खुलवण्यासाठीच.

मग वॅट कमी करावेत का? पाचाचा अर्धा वॅट केला, तरी कानाला आवाज साधारण निम्माच झालेला वाटतो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून मी त्याला सांगितलं, आधी स्पीकरकडे बघ. लहान खोक्यातल्या सहा-आठ इंची स्पीकरऐवजी दहा-बारा इंचांचा, मोठ्या लाकडी पेटीतला स्पीकर जोडला, तर हळू आवाजालाही अंग येतं. मात्र ओहम तेवढेच हवेत. आणि स्पीकर न जोडता असा ॲम्प्लिफायर कधीच वाजवू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरा उपाय, पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह बदलण्याचा. '१२ एएक्स ७'च्या जागी बऱ्याच सेटमध्ये '१२ एवाय ७' बसतो. त्याची वाढवण्याची शक्ती निम्म्याहून कमी, त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवताच आवाज अंगावर येत नाही. सेट बंद करून, नळी थंड झाल्यावरच ती काढावी. ताणलेलाच सूर हवा असेल, तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर लावतात. तो जादा शक्ती उष्णतेत घालवतो. त्याचेही ओहम आणि वॅट जुळायला हवेत.

याच्या पुढचं काम जाणत्या मेकॅनिकचं. आत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. अमेरिकेतून आणलेला एकशेवीस व्होल्टचा सेट आपल्या दोनशेतीसवर थेट लावू नये. थ्री-पिनमधली अर्थिंगची तार कधीही तोडू नये.

घरातल्या जुन्या रेडिओला गिटार जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण काही जुन्या रेडिओंमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसे. चासी सरळ घरच्या विजेला जोडलेली असे. अशा सेटला गिटार जोडली, तर तारेला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. ट्रान्सफॉर्मर आहे याची मेकॅनिककडून खात्री होईपर्यंत त्या रेडिओवर गाणीच ऐकावीत.