दादासाहेब फाळके : आधी चित्रकार

नाशिककरांनो, फाळके म्हटलं की आपल्याला सिनेमाच आठवतो. पण १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस मुळात चित्रकार! १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग-जलरंग शिकले. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचं कामही केलं.

पुढे सिनेमाकडे वळताना कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याची वाढ कॅमेऱ्याने एकेक चौकट करत टिपली. दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली! १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा, संकलन सगळं त्यांचंच. चित्रकाराची नजर असल्याशिवाय हे जमत नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुलांना घेऊन जरूर जा आणि त्यांना चित्रकार फाळकेही सांगा.