तीन गाड्या, पंधरा माणसं

मोआब (युटा), एप्रिल

सहल ठरली की माणसं वाढत जातात, हा आपला जुना रिवाज. सॉल्ट लेक सिटीत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता 'एकदा व्हाइट रिमला जीप घेऊन जाऊ या' असा विषय निघाला, तेव्हा आम्ही आठ जण होतो. दिवाळीच्या फराळापर्यंत १९ झालो. कुणाचा मेहुणा, कुणाचे पुण्याहून आलेले सासू-सासरे. मग एका वहिनींनी नियम मोठ्यानं वाचून दाखवले. मुक्कामाचा एक परवाना म्हणजे जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या. चौघांना गाळायचं कसं यावर दोन रविवार गेले. शेवटी नियमांतल्याच दुसऱ्या एका ओळीनं तो पेच सोडवला. कुत्रा चालणार नाही, गाडीत बसवूनसुद्धा नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते चौघं आपणहून बाजूला झाले.

व्हाइट रिम हा कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला शंभर मैलांचा कच्चा रस्ता. 'आयलंड इन द स्काय' नावाचं एक सपाट पठार आहे. त्याचे कडे सरळ खाली उतरतात आणि सुमारे १,२०० फुटांवर एक रुंद पायरी लागते. पायरीची कड पांढऱ्या वालुकाश्माची, म्हणून हे नाव. तिच्याही खाली आणखी हजार फुटांवर एका बाजूला कोलोरॅडो आणि दुसऱ्या बाजूला ग्रीन नदी. वरचा पांढरा दगड टणक, खालचा तांबडा थर मऊ. मऊ थर झिजतो, वरचा टिकतो, आणि त्या टिकलेल्या दगडावरून गाडी चालवायची.

हा रस्ता सहलीसाठी कुणी बांधलेला नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेला अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं, तेव्हा अणुऊर्जा आयोगानं तो काढला. १९५२मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूवैज्ञानिकाला मोआबच्या आग्नेयेला घबाड सापडलं आणि हे झोपाळू गाव रातोरात फुगलं. व्हाइट रिमवर मात्र फारसं काही निघालं नाही. रस्ता तेवढा उरला, आणि १९६४मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं. त्या धंद्याचं खरकटं गावाच्या वेशीवरच पडून होतं. उत्तरेकडून मोआबला येताना कोलोरॅडोच्या काठी, बंद पडलेल्या युरेनियम गिरणीच्या जागी, किरणोत्सारी गाळाचा ढीग होता. १ कोटी ६० लाख टनांचा. २००९पासून तो आगगाडीनं तीसेक मैलांवर नेऊन पुरण्याचं काम सरकारनं हाती घेतलं. ज्या सरकारनं डोंगर पोखरायला रस्ता दिला, तेच आता त्या रस्त्यावर किती चाकं जायची ते मोजतं.

मोजतं म्हणजे किती, ते नोव्हेंबरात कळलं. वसंतातल्या मुक्कामांचं आरक्षण तेव्हा खुलं होतं. सकाळी चार घरांत चार लॅपटॉप उघडून आम्ही तत्काळ तिकिटाला बसावं तसे बसलो होतो. 'व्हाइट क्रॅक'ला तंबूची एकच जागा आहे. ती डोळ्यांदेखत गेली. पदरात पडले 'एअरपोर्ट' आणि 'पोटॅटो बॉटम'. पहिल्या ठिकाणी विमान नाही, दुसऱ्या ठिकाणी बटाटा नाही.

गाड्यांचंही तसंच. पोट उंच असलेली आणि लो-रेंज गिअरची खरी फोर-व्हील ड्राइव्हच चालते. एकाची नवी कोरी ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही बाद झाली. तो अजून घुश्शात आहे. साध्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला सहसा मनाई असते, म्हणून तिसरी जीप मोआबमध्येच भाड्यानं घेतली.

मार्चमध्ये सॅन राफाएल स्वेलच्या माळावर रंगीत तालीम केली. चारही टायरांतली हवा ३६वरून २० पाउंडांवर आणायची. व्हॉल्व्हची टोपी काढली, पिन दाबली की फुस्स करून लाल धूळ तोंडावर येते आणि टायर जमिनीवर पोट टेकून बसतो. असा टायर दगडाला धरून चालतो, वाळूत रुतत नाही. परतताना डांबरी रस्ता लागला की कॉम्प्रेसरनं हवा पुन्हा भरायची. तालमीत एका पाण्याच्या कॅनचं झाकण सैल राहिलं आणि तीन किलो चिवड्याची भेळ झाली. चिवड्याचं दुःख कमी, पाण्याचं जास्त. त्या शंभर मैलांत पिण्याच्या पाण्याचा एक थेंब मिळत नाही. माणशी रोज ४ लिटर, १५ माणसं, ३ दिवस, म्हणजे १८० लिटर. तेवढं नुसतं पाणीच १८० किलो भरतं.

याला 'ऑफ-रोड' म्हणतात खरं, पण रस्ता सोडणं हाच इथला गुन्हा. कारण पायाखाली दिसतं. कडेची माती काळपट, फुगीर, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ती जिवंत आहे. जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेला हा थर वाळू धरून ठेवतो, मातीला नत्र पुरवतो. एक पाऊल पडलं तरी तो चुरतो आणि पुन्हा धरायला अनेक वर्षं घेतो. चाकाचा चरा तर पिढीभर राहतो. म्हणून चालायचं ते उघड्या खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून.

उद्यानाबाहेर मात्र यावरून रणं माजतात. युटाची जवळपास दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारची. तिच्यावर हक्क कुणाचा, जीपवाल्यांचा की शांतता शोधणाऱ्यांचा? मोआबची ईस्टर जीप सफारी १९६७पासून भरते, गावाचं पोट तिच्यावर आहे. २०२३मध्ये केंद्राच्या भूमी खात्यानं जवळच्या भागातल्या ३१७ मैलांच्या वाटा गाड्यांना बंद केल्या, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. मी स्वतः जीप घेऊन निघालोय, तरी माझं मत बंद करणाऱ्यांच्या बाजूनं आहे. त्या तुटलेल्या पापुद्र्याकडे एकदा वाकून पाहिलं की वाद घालण्याचा उत्साह राहत नाही.

या देशाचं एक गणित मला बरीच वर्षं उलगडत नव्हतं. कुत्र्यापासून शेकोटीपर्यंत हरेक गोष्टीला नियम, आणि सगळे नियम पाळून आत गेलात की तुमचे तुम्ही. आपल्याकडे घाटात गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत चार माणसं आणि दहा सल्ले गोळा होतात. इथं फोनला रेंज नाही, आणि गाडी ओढून आणायचे हजार डॉलरच्या वर पडतात. '१२७ अवर्स' हा सिनेमा रेहमानच्या संगीतामुळे अनेकांना आठवत असेल. त्यातला आरन राल्स्टन २००३मध्ये याच मुलखातल्या ब्लूजॉन घळीत अडकला. आपण कुठं चाललोय हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आम्ही सांगितलंय. दोन्ही मुक्काम, तिन्ही गाड्यांचे नंबर आणि परतीची वेळ लिहिलेला कागद कुत्र्यापायी मागे राहिलेल्या त्या चौघांच्या फ्रिजवर चिकटवलाय. मंगळवारी रात्री ९पर्यंत आमचा फोन आला नाही, तर त्यांनी उद्यानाच्या कार्यालयाला कळवायचं आहे.