कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? आधी डबा उघडून बघा

ताईंनो, उन्हाळा लागला की संघाच्या ऑफिसातून हमखास फोन येतो, "मॅडम, कॉम्प्युटर दहा मिनिटांत आपोआप बंद पडतोय, कर्जाच्या नोंदी अर्ध्याच राहिल्यात." मागच्या मे महिन्यात एका दुकानदाराने तर सरळ नवा घ्यायला सांगितलं होतं. थांबा, पैसा गटांचा आहे.

डब्यातला प्रोसेसर सगळा हिशेब करतो आणि करताना तापतो. साधारण 100 अंशांच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून मशीनच बंद होतं. त्याला गार ठेवायला वर धातूच्या पातळ पट्ट्या आणि पंखा असतो. आपल्या सोलापुरात पारा 40 च्या वर, त्यात धूळ, शेजारी यंत्रमाग असेल तर सुताचे तंतू. पट्ट्यांवर गोधडीच तयार होते, वारा लागणार कुठून?

कॉम्प्युटर बंद करून वायर काढा. गार झाला की बाजूचा पत्रा उघडा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. ओलं फडकं तर नकोच. मग चालू करून, हात न लावता, पंखा फिरतो का बघा. नसेल फिरत, तर नुसता पंखा बदलून मिळतो. फिरूनही तापत असेल, तर पंख्याखालची पेस्ट सुकली असेल. ती मेकॅनिककडूनच बदलून घ्या, मसुराच्या दाण्याएवढी पुरते.

आणि हो, डब्यावरचं ते हौसेनं विणलेलं कव्हर काम चालू असताना काढून ठेवा. डबाही भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.