दोन कुत्रे आणि दोन दगड

कोरकू भाषेत कुत्र्याला ‘सिटा’ म्हणतात. दोन कुत्रे असले की ‘सिटाकिञ्’, त्याहून जास्त असले तर ‘सिटाकू’. शाळेत संस्कृत घोकलेला विद्यार्थी लगेच ओळखतो, हे द्विवचन! मग हुरूप येऊन तो दोन दगडांबद्दल विचारतो आणि प्रत्यय गायब. कोरकूत हे प्रत्यय सहसा सजीवांनाच लागतात. केवळ कुत्र्यामांजरांवर थांबला असता, तर त्याच्या वहीत चुकीचा नियम पक्का झाला असता.

भाषाशास्त्रातलं क्षेत्रकार्य असं शिकतात. समोर भाषक, हातात वही, चालू रेकॉर्डर. ‘तुमच्या भाषेत द्विवचन आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. ‘मुलगा बोलला’ चालतं, मग ‘मुलगा आंबा खाल्ला’ का नाही, हे आपल्याला तरी कुठे पटकन सांगता येतं? पण चुकलेलं वाक्य कानाला खटकतं. विद्यार्थ्याला हवा असतो तो हा कान. नियम त्याने स्वतः शोधायचा.

मेळघाट आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातली. मराठीशी तिचं नातं नाही. तरीही सर्वनामांच्या बाबतीत मराठी माणसाला थोडा फायदा आहे. हिंदीतून ‘हम’ विचारलं, तर ऐकणारा त्यात आहे की नाही, हे कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. कोरकूत मात्र चार: तू नि मी ‘अलाङ्’, तुला वगळून आम्ही दोघं ‘अलिञ्’, तुझ्यासकट सगळे ‘अबुङ्’, तुझ्याशिवाय सगळे ‘अले’. ही चौकट भरायची तर भाषांतर मागून भागत नाही. कोण कुणाशी बोलतंय, बाजाराला कोण निघालंय, असे प्रसंगच रचावे लागतात.

सुरांच्या बाबतीत मात्र मराठी कान दगा देऊ शकतो. कोरकूत खालच्या पट्टीतला सूर असतो. भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड यांनी १९६६ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे नवखा तो सहज सोडून देतो.

शिवाय विचारलेल्या वाक्याचा साचा उत्तरात उतरतो, भाषक भिडस्त असेल तर जास्तच. म्हणून विचारायच्या वाक्यांच्या याद्यांच्या जोडीला गोष्टी, आठवणी, गप्पा ध्वनिमुद्रित करायच्या. डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांच्या १९९९ च्या कोरकूवरील पुस्तकातही व्याकरण आणि शब्दसंग्रहासोबत सलग मजकूर आहेत.